संशयाची जागा : मराठी वैचारिक निबंधाच्या आरंभाविषयी

मराठी निबंधाची चर्चा प्रामुख्याने विषय, विचारसरणी आणि शैली या तीन अंगांनी होत आली आहे. चिपळूणकरांची भाषा, आगरकरांचा बुद्धिवाद, टिळकांचा रोखठोकपणा, शिवराम महादेव परांजपे यांची वक्रोक्ती ही या चर्चेतील ठरलेली स्थानके होत. निबंध सुरू कसा होतो, हा प्रश्न मात्र बहुधा शालेय लेखनाच्या पुस्तकांकडे सोपवला गेला आणि तेथे ‘प्रस्तावना आकर्षक असावी’ या एका वाक्यात त्याची बोळवण झाली. आकर्षक कोणाला, कशासाठी, आणि ओढून आणलेल्या वाचकाचे पुढे काय करायचे, हे विचारण्याची गरज भासली नाही. वैचारिक निबंधापुरते पाहिले तर हा प्रश्न मुळात अलंकरणाचा नाहीच. तो युक्तिवादाच्या रचनेचा आहे. पहिला परिच्छेद लिहिताना लेखक आपला प्रतिपक्ष निवडतो, वाचकाला त्या वादात कोठेतरी उभे करतो आणि सिद्धतेचा भार कोणी वाहायचा हेही ठरवून टाकतो. पुढच्या पानांत तो जे करू शकतो आणि जे करू शकत नाही, त्याचा बराचसा निकाल येथेच लागलेला असतो.

ग्रंथारंभाचा विचार आपल्याकडे शास्त्रग्रंथांनी पुष्कळ बारकाईने केलेला आहे. वेदान्तातील अनुबंधचतुष्टय ही त्याची परिचित मांडणी : ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, विषय आणि ग्रंथ यांचा संबंध कोणता, आणि हे सारे ज्याच्यासाठी आहे तो अधिकारी कोण. प्रयोजन सांगितल्याशिवाय कोणत्याही शास्त्राकडे कोणी वळणार नाही, असे कुमारिल भट्टानेही बजावले आहे. पण वादप्रधान लेखनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती मीमांसकांची अधिकरणाची कल्पना. अधिकरणाची पाच अंगे मानली जातात. त्यांच्या नावांत थोडाफार फरक आढळतो. तथापि विषयानंतर लगेच संशय आणि संशयानंतर पूर्वपक्ष हा क्रम स्थिर आहे. सिद्धान्त त्यानंतर येतो. याचा अर्थ असा की विषय मांडला म्हणजे आरंभ झाला, असे मीमांसक मानत नाही. त्या विषयाबाबत दोन उत्तरे संभवतात आणि दोन्हींच्या मागे काही कारण आहे, हे दाखविल्यावरच विचाराला तोंड फुटते. जेथे संशय नाही तेथे अधिकरणही नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधकारांनी ही चौकट समोर ठेवून लेखन केले, असा दावा येथे अभिप्रेत नाही. त्यांच्यापुढे मेकॉले, ॲडिसन, जॉन्सन, मिल्ल आणि स्पेन्सर होते. त्यांच्यापैकी काहींच्या मागे संस्कृत पाठशाळेचे संस्कारही होते. शिवाय शास्त्रग्रंथाचा अधिकारी आधीच ठरलेला असतो आणि वृत्तपत्राचा वाचक ठरलेला नसतो, हा भेदही लहान नाही. परंतु निबंधाचा आरंभ वाचण्याचे साधन म्हणून ‘संशय’ या अंगाचा उपयोग केला तर काही परिचित लेखनाचे मूल्य वेगळ्या रीतीने हाती लागते.

या दृष्टीने पहिला विचार ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकाचा करावा लागेल. १८८२ साली पुण्यात छापले गेलेले हे छोटे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. त्यानंतर त्याची जी चर्चा झाली ती मुख्यतः आशयाची आणि त्या आशयाच्या काळापुढे असण्याची. त्याच्या प्रस्तावनेची तार्किक रचना मात्र दुर्लक्षितच राहिली. पुस्तकामागचा प्रसंग सर्वज्ञात आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली आणि या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या दुर्गुणांवर झोड उठली. असा प्रसंग हाती असताना कोणताही लेखक त्या अभागी स्त्रीच्या कहाणीने आरंभ करील, वाचकाचे मन विरघळवील आणि मग आपले म्हणणे पुढे सरकवील. ताराबाई हा मार्ग घेत नाहीत. स्त्रीपुरुष दोघेही एकाच ईश्वराने निर्माण केले आहेत, हे प्रतिपक्षालाही मान्य असलेले विधान त्या प्रथम मांडतात आणि त्याच्या लगोलग विचारतात : जे दुर्गुण स्त्रियांच्या अंगी म्हणून सांगितले जातात ते केवळ त्यांच्याच ठायी आहेत, की पुरुषांच्याही?

या प्रश्नाने काय साधले, हे नीट पाहण्यासारखे आहे. ‘स्त्रिया दुर्गुणी आहेत’ हे समाजात सिद्धान्त म्हणून वावरणारे विधान होते. त्याला नुसता नकार दिला असता तर स्त्रियांचे सद्‌गुण सिद्ध करण्याचा भार लेखिकेवर पडला असता आणि एकेका उदाहरणावरून हुज्जत सुरू झाली असती. ताराबाई नकार देत नाहीत; त्या सिद्धान्ताला त्याच्या आसनावरून उतरवून संशयाच्या कोटीत आणतात. आता ‘केवळ स्त्रियांच्याच’ हे सिद्ध करण्याचा भार पुरुषांवर गेला. पुस्तकाच्या नावातला ‘तुलना’ हा शब्द म्हणूनच केवळ वर्णनपर राहत नाही. तो पद्धतीचे नाव होतो. आपल्याला कोणत्याही विशिष्ट जातीचा वा कुळाचा विचार कर्तव्य नाही, ही मर्यादाही त्या तेथेच घालून घेतात. विजयालक्ष्मी ब्राह्मण आणि लेखिका मराठा, या तपशिलाचा आधार घेऊन वाद भलत्या वाटेला नेणे प्रतिपक्षाला सहज शक्य होते. ती वाट दोन वाक्यांत बंद झाली.

याच प्रस्तावनेत ताराबाई आपले हे पहिलेच लेखन असल्याचे, आपण मराठा घराच्या बंदिवासातली अल्पमती स्त्री असल्याचे सांगतात. वाचकाची मर्जी संपादन करण्याचा हा जुना प्रघात आहे; संतकवींपासून बखरकारांपर्यंत सर्वांनी तो पाळला. पण पुढच्या मजकुराचा स्वर इतका सडेतोड आहे की ही नम्रता मागाहून उपरोधासारखी वाटू लागते. ती केवळ उपरोध आहे असे मानणेही बरोबर नाही. घरात कोंडलेल्या स्त्रीला जे दिसते ते भर चौकातल्या विद्वानाला का दिसत नाही, हा पुस्तकाचा एक मूक युक्तिवाद आहे आणि लेखिकेच्या स्थितीचे ते विधान त्या युक्तिवादाचे पहिले प्रमाण ठरते.

प्रतिपक्षाचे विधान मान्य करून त्यातूनच संशय उत्पन्न करण्याचे याहून जुने उदाहरण १८५५ सालचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. वेद ही आमचीच मत्ता आहे, असे ब्राह्मण म्हणतात. मुक्ताबाई ते नाकारत नाही. ते खरे धरले तर ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही ते धर्मरहित ठरतात, मग आमचा धर्म कोणता, असे ती देवालाच विचारते. अनुबंधचतुष्टयाच्या भाषेत बोलायचे तर तिने ‘अधिकारी कोण’ या प्रश्नाचा रोख शास्त्रावरच उलटवला. प्रार्थनेच्या रूपात आलेला असा कठोर तर्क त्या काळच्या मराठी गद्यात दुसरा सापडणे कठीण.

आगरकरांकडे वळले की रचना अधिक सजग होते. १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व सोडून १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि ‘सुधारक काढण्याचा हेतू’ हा लेख लिहिला. प्रयोजन शीर्षकातच जाहीर करणारा हा लेख दोन्ही बाजूंना प्रतिपक्ष उभा करतो. आपली मूळ प्रकृती न सोडता पाश्चात्त्य विद्येचा अंगीकार करावा, ही त्यांची भूमिका एकाच वेळी दोघांचा निरास करू पाहते : जुने तेवढे राखू म्हणणाऱ्याचा आणि जुने तेवढे फेकू म्हणणाऱ्याचा. आगरकरांना नंतर केवळ सनातन्यांचे शत्रू म्हणून रंगवले गेले, त्यात त्यांच्या युक्तिवादाचा हा दुसरा पक्ष हरवला.

आगरकरांची खरी कामगिरी मात्र शीर्षकांत आहे. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ हे शीर्षक म्हणजे न्यायशास्त्रातली प्रतिज्ञाच होय : उद्देश्य, विधेय आणि विध्यर्थ असलेले पुरे वाक्य. ‘स्त्रियांचा पोशाख’ असे शीर्षक दिले असते तर पहिले दोन परिच्छेद पोशाखाचा इतिहास सांगण्यात खर्ची पडले असते. प्रतिज्ञा आधीच उच्चारली गेल्यामुळे वाचक लेखाच्या पहिल्याच ओळीपाशी विरोधक होऊन पोहोचतो आणि लेखकाला लगेच त्याच्या आक्षेपांकडे वळता येते. विषय क्षुल्लक वाटावा इतका लहान आहे, हेही हेतुपूर्वक असावे. स्त्रीस्वातंत्र्यासारख्या मोठ्या शब्दाला मान डोलावणारा सुशिक्षित जाकिटापाशी अडखळतो, आणि तो जेथे अडखळतो तेथेच खरा संशय असतो. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या शीर्षकात विरोधाभास आहेच, पण अधिक मोलाचा आहे तो ‘आमचे’ हा शब्द. ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्यात लेखक स्वतःला मोजतो. १८८८ मध्येच ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाला एका सर्वनामाचे वजन माहीत नव्हते, असे कोण म्हणेल?

याच्या शेजारी टिळकांचा १८९७ मधील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख ठेवून पाहावा. शीर्षक प्रश्नार्थक आहे. संशय मात्र त्यात तिळमात्र नाही. उत्तर प्रश्नाच्या पोटातच ठेवलेले आहे. रँडच्या वधानंतर पुण्यावर जी दडपशाही सुरू झाली होती तिच्या संदर्भात हा प्रश्न म्हणजे राजकीय कृती होती आणि कृती म्हणून तिचे मोल वादातीत आहे. फक्त ती वैचारिक निबंधाच्या आरंभाचा आदर्श म्हणून घेता येत नाही. पुढील शतकभर मराठी वृत्तपत्रलेखनाने नेमका तोच आदर्श घेतला. टिळकांसमोर साम्राज्य होते. नंतरच्यांसमोर पुष्कळदा एखादा नगरपिता असे.

चिपळूणकरांचे प्रकरण अधिक व्यामिश्र आहे. जानेवारी १८७४ पासून सुमारे सात वर्षे चाललेल्या ‘निबंधमाले’ने मराठी निबंधाला प्रतिष्ठा दिली, लांब पल्ल्याचे वाक्य दिले, वाचकाशी बरोबरीने बोलण्याची ऐट दिली. विषयाची भूमी आखून घेण्यात विष्णुशास्त्र्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. परंतु खंडनपर लेखनात त्यांचा पवित्रा बदलतो. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकरा’त आलेली, चिपळूणकरांनी त्यांचा समाचार घेतला तो पाव शतकानंतर. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत त्यांनी व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर जो भर दिला तो प्रसिद्धच आहे. यात प्रतिपक्षाच्या मताचे खंडन दुय्यम ठरते. त्याची वाद करण्याची पात्रताच नाकारली जाते. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याला पाडण्यासाठी चालते ती वितंडा. चिपळूणकरांचे सर्वच लेखन वितंडेत ढकलणे अन्यायाचे होईल. पण फुल्यांवरील त्यांच्या लेखनात वादाचा आरंभच होत नाही, हे स्वीकारावे लागते. पूर्वपक्षाला शुद्ध मराठी येत नाही, एवढ्यावर पूर्वपक्ष संपतो.

ज्यांच्याविषयी हे लिहिले गेले त्या फुल्यांना आरंभाचे शास्त्र अवगत होते, हा मराठी निबंधाच्या इतिहासातला मोठाच विपर्यास म्हटला पाहिजे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना उद्देशून आहे. पुस्तक उघडणाऱ्या इंग्रजी शिकलेल्या वाचकाला अमेरिकेतील गुलामगिरी वाईट होती, हे मान्य असणारच. ते मान्य करून तो पान उलटतो आणि ‘गुलाम’ हा शब्द शूद्रातिशूद्रांना लावलेला पाहतो. अर्धी वाट त्याने स्वतःच्या पायांनी चाललेली असते. पुस्तकाच्या मुख्य भागातील जोतीराव-धोंडिबा संवादात धोंडिबाच्या शंका काहीशा सोयीच्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. प्रतिपक्षाचा खराखुरा जोर त्यांत उतरत नाही. अर्पणपत्रिकेतली योजना मात्र निर्दोष आहे.

एवढी साधनसामग्री असताना मराठी वैचारिक निबंधाच्या आरंभातून संशय नाहीसा का झाला? एक कारण वाङ्मयेतिहासात सापडते. १९२० नंतरच्या दशकात ना. सी. फडक्यांच्या ‘रत्नाकरा’तील गुजगोष्टींपासून लघुनिबंधाचा प्रवाह सुरू झाला. आत्मपर, खेळकर, एखाद्या किरकोळ अनुभवापासून निघणारा असा त्याचा आरंभ असे. त्या प्रकाराला तो शोभूनही दिसला, कारण लघुनिबंधाला काही सिद्ध करायचे नव्हते. पुढे हीच लकब वैचारिक लेखनात शिरली. परवा लोकलमध्ये भेटलेला गृहस्थ, शेजारच्या मुलीने विचारलेला प्रश्न, असे काहीतरी सांगून लेखक भारतीय लोकशाहीवर येतो. अनुभव सांगण्यात गैर काही नाही. प्रश्न असा की तो अनुभव प्रमाण म्हणून आला आहे, की ओळख करून देण्यापुरता? बहुधा दुसरे.

दुसरे कारण परीक्षा. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, समारोप या त्रिखंडी साच्यात प्रस्तावनेला काहीच काम उरत नाही, म्हणून ती सर्वमान्य विधानांनी भरली जाते. साहित्य हा समाजाचा आरसा आहे, या वाक्याने सुरू होणारे प्रबंध विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कपाटेच्या कपाटे भरून आहेत. ते विधान खरे की खोटे, हा मुद्दा गौण आहे. ज्या विधानाला कोणी विरोध करणार नाही त्यापासून कोणताच वाद निघत नाही, हा मुख्य दोष. अमेरिकन विद्यापीठांतून आलेली ‘प्रमेय पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी सांगा’ ही शिकवण त्या मानाने बरी. पण संशयाविना सांगितलेले प्रमेय म्हणजे प्रश्नाविना दिलेले उत्तर.

एक उदाहरण घेऊन हा भेद पाहता येईल. मुंबईच्या उत्तर टोकाला दहिसर आहे. राष्ट्रीय उद्यानातून, तुळशी तलावाच्या बाजूने येणारी नदी या उपनगरातून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिच्या काठांना भिंती घातल्या गेल्या. दहिसरमधल्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने या नदीवर वैचारिक निबंध लिहायचा झाला तर शाळेपासूनची सवय त्याच्याकडून नदी ही मानवी संस्कृतीची जननी असल्याचे वाक्य लिहवून घेईल. लघुनिबंधाचा संस्कार असेल तर पुलावरून दिसलेली पावसाळी संध्याकाळ येईल. अग्रलेखांचे वाचन अधिक असेल तर महापालिकेला जाग येणार आहे काय, असे तो विचारील. तिन्ही आरंभांत वाचक आधीपासूनच लेखकाच्या बाजूला बसलेला आहे. निबंध लिहिण्याची आवश्यकता तेथेच संपते.

खरा संशय निराळाच आहे. भिंतींमुळे काठची घरे सुरक्षित झाली, की नदीचे पसरण्याचे क्षेत्र कमी होऊन पाणी अधिक वेगाने खालच्या वस्तीकडे जाऊ लागले? येथे दोन्ही पक्षांना सुरक्षितताच हवी आहे. भिंतीचा पक्ष घेणारा मूर्ख वा विकलेला नाही. त्या जुलैत त्याच्या घरात पाणी शिरले होते आणि त्याची भीती हे प्रमाण आहे. त्याचे म्हणणे त्याला स्वतःचे वाटेल अशा शब्दांत पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे. आणि येथेच ‘अधिकारी कोण’ हा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. विष्णुशास्त्र्यांना आपला वाचक ठाऊक होता : त्याची जात, त्याचे शिक्षण, बहुधा त्याची पेठसुद्धा. दहिसरसारख्या उपनगरात मूळचे गावकरी, कोकणातून आलेले चाकरमानी, गुजराती व्यापारी आणि उत्तरेकडून आलेले कामगार शेजारी राहतात. कोणते विधान या सर्वांना मान्य असेल, हे गृहीत धरून चालत नाही. ते शोधावे लागते. शोधून काढलेले असे एखादे समान विधान हाच निबंधाचा खरा आरंभबिंदू. ताराबाईंनी स्त्रीपुरुषांचा एकच निर्माता आणि फुल्यांनी अमेरिकेतील गुलामांची मुक्ती शोधली, ती याच रीतीने.

आरंभीच प्रतिपक्षाला एवढी जागा दिली तर निबंधाचा जोर ओसरतो, असा आक्षेप यावर घेता येईल. तो आक्षेप वक्तृत्वाच्या बाबतीत काही अंशी खरा आहे. ॲरिस्टॉटलने भाषणाच्या उपोद्घाताचे मुख्य कार्य भाषणाचा रोख दाखविणे हे मानले आणि बाकीचा पसारा श्रोत्यांच्या दुबळेपणामुळे लागतो, असे स्पष्ट म्हटले. जेथे विषय लहान वा स्पष्ट असेल तेथे उपोद्घात नकोच, हेही त्याने सांगितले. परंतु निबंधाचा वाचक सभेतला श्रोता नव्हे. तो मागे वळून पुन्हा वाचू शकतो, आणि पूर्वपक्ष लंगडा करून मांडला होता हे ध्यानात आले की तो पुढच्या सर्व प्रमाणांकडे संशयाने पाहू लागतो. नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना लिहिलेले जे दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडले गेले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तावनेकडून ग्रंथाच्या गौरवाची अपेक्षा असते. येथे शिवचरित्रातील अडचणीच कादंबरीच्या दाराशी मांडून ठेवल्या आहेत. त्यामुळे कादंबरी दुबळी झाली, असे कोणी म्हटलेले नाही.

हा संशय लेखकाला सापडतो केव्हा, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. सिसेरोच्या वक्तृत्वविषयक संवादात अँटोनियस म्हणतो की सर्व विषय तोलून झाल्यावरच तो आरंभी काय बोलावे याचा विचार करतो. उलट क्रमाने गेल्यास त्याला जे सुचते ते पोकळ किंवा सामान्य असते. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा लेखन संपत आल्यावरच कळतो, म्हणून पहिला परिच्छेद शेवटी लिहिणे हे आळसाचे नव्हे, प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. संशोधनाच्या आराखड्यासोबतच ‘प्रस्तावना’ नावाचे प्रकरण लिहून मोकळे होण्याची आपल्या विद्यापीठांतील रीत या दृष्टीने तपासून पाहायला हवी. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या उपोद्घातात विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या विपन्नावस्थेपर्यंतची जी कारणपरंपरा फुल्यांनी मोजक्या चरणांत बांधली, ती आज घराघरांत पाठ आहे. ती वाचताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ग्रंथ पुस्तकरूपाने छापला जाण्यापूर्वी त्याचे भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर येथे आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढेही वाचून दाखवले गेले होते, आणि फुल्यांनी त्याची नोंद स्वतःच करून ठेवली आहे. ऐकणाऱ्यांत शेतकरी होते आणि राजाही होता.